नवे पिस्टन थोरल्याच्या वाट्याला

वाटणीच्या दिवशी मी चुलीपुढे भाकरीचं पीठ मळत बसले होते, म्हणून बाहेरचं मला अर्धंमुर्धंच ऐकू येत होतं. निरवांगीतलं आमचं घर तसं लहान. चुलीपाशी बसलं तरी अंगणात कोण खोकलं ते कळतं. पण त्या दिवशी जमलेली वडीलधारी मंडळी आजाऱ्याच्या उशाशी बसल्यासारखी हळू बोलत होती. जमीन झाली, विहिरीच्या पाण्याचे वार ठरले, गोठा झाला. मग थोरल्या चुलत्यांचा आवाज एकदम चढला.

"नवं पिस्टन थोरल्याच्या वाट्याला. जुनं धाकल्याला. झालं का समान?"

सगळे म्हणाले, झालं.

मी पिठाच्या हातांनीच बाहेर धावले. माझा चेहरा बघून धाकटा भाऊ उठूनच उभा राहिला. त्याला वाटलं, आत काहीतरी पेटलं.

पेटलं होतं ते माझ्या डोक्यात. कारण मी जे ऐकलं होतं त्याचा अर्थ त्या अंगणात फक्त मला कळत होता. वडिलांचे दोन्ही ट्रॅक्टर त्या एका वाक्यात बंद पडले होते, आणि बंद पाडणारे पानाला चुना लावत होते.

आमच्या वडिलांना, आबांना, ट्रॅक्टरचा नाद होता. आमचं घराणं मेंढरांमागं फिरणारं. आजोबांनी जन्मभर चारा-पाण्यासाठी पायपीट केली. आबांनी मेंढरं विकली, रान सपाट केलं आणि एक जुना, दुसऱ्याने वापरून टाकलेला परदेशी ट्रॅक्टर घेतला. काही वर्षांनी त्याच कंपनीचा दुसरा घेतला, तोही जुनाच, पण पहिल्यापेक्षा धाकटा. दोन्ही लाल, दोन्हींचा आवाज सारखा, लांबून बघितलं तर जुळे. आई त्यांना सवती म्हणायची, कारण आबा घरात कमी आणि त्यांच्यापाशी जास्त असायचे.

माझं लग्न बारामतीजवळ जळोचीला झालं, ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्याशी. आबांनी स्थळ बघितलं की गॅरेज बघितलं, हे मी अजूनही खात्रीने सांगू शकत नाही. गॅरेज घराला लागूनच होतं. मला रिकामं बसणं जमत नाही. आधी मी सुटे भाग रॉकेलमध्ये धुवून द्यायची, मग पुसून मांडून द्यायची, आणि मग कोणता भाग कशाचा हे मालकांच्या आधी मीच सांगायला लागले. मालक म्हणजे आमचे हे. तेच गिऱ्हाइकाला सांगायचे, "जोडी लावायची आसंल तर आत इचारा."

जोडी म्हणजे पिस्टन आणि हेड यांची. ते समजल्याशिवाय माझा त्या दिवशीचा संताप समजायचा नाही, म्हणून सांगते. सायकलमध्ये हवा भरताना पंप बुडाशी गरम लागतो, तो सगळ्यांनी हाताला अनुभवलेला असतो. डिझेल इंजिन तसंच चालतं. खालून पिस्टन वर येतो, वर झाकणासारखं हेड असतं, मधली हवा इतकी दाबली जाते की ती तापते, आणि त्यात डिझेल फवारलं की पेट घेतं. दाबलेली हवा मावायला थोडीशी जागा मात्र लागते. आबांच्या थोरल्या ट्रॅक्टरमध्ये ती जागा हेडात कोरलेली होती, म्हणून त्याचे पिस्टन वरून सपाट. धाकट्या ट्रॅक्टरचं हेड पोळपाटासारखं सपाट, म्हणून त्याच्या पिस्टनच्या डोक्यावर वाटीएवढा खळगा. सपाट पिस्टनला खळग्याचं हेड, खळग्याच्या पिस्टनला सपाट हेड. जाडी, म्हणजे बोर, तोच, उंचीही जवळपास तीच, कुठलाही कुठेही बसतो. आणि सगळा घोळ तिथेच आहे, कारण बसतो म्हणजे चालतो असं आपल्याकडे सगळ्यांना वाटतं.

आबांनी गव्हाच्या पेरणीआधी दोन्ही इंजिनं एकदमच खोलली होती. थोरल्या ट्रॅक्टरचे पिस्टन चांगले होते, रिंगा बदलल्या की भागणार होतं. धाकट्याचे मात्र चिरले होते. तसले पिस्टन तेव्हा कुठे मिळत नव्हते. बारामतीतले दुकानदार आबांना हसायचे, "आबा, आता त्या ट्रॅक्टरचं म्युझियम करा." मालकांनी कुठे कुठे निरोप धाडले, आणि शेवटी पुण्याच्या जुन्या बाजारात एका दुकानाच्या माळ्यावर एक न वापरलेला संच सापडला. आबा तो न्यायला स्वतः जळोचीला आले. तेलकट कागद उलगडून त्यांनी एक पिस्टन हातात घेतला आणि खळग्यात अंगठा फिरवत राहिले. म्हणाले, "नात झाल्यावर बी येवढा आनंद झाला न्हवता बघ." मी चिडवलं, "नातीच्या आईला सांगू का?" तर म्हणाले, "सांग की, मी भीत न्हाय."

त्यानंतर आठवडाभरात आबा गेले. सकाळी उठून रानात गेले आणि बांधावर बसले ते बसलेच. इंजिनं खोललेलीच राहिली. वर्षभर भावांनी भाड्याच्या ट्रॅक्टरवर शेती केली, आणि दोन्ही हेडं, दोन्ही संच पोत्यांवर गोठ्यात पडून राहिले. वर्षश्राद्ध झालं आणि भावांनी वाटणी काढली. माझ्याकडून हक्क सोडल्याची सही आधीच इंदापूरला घेतलेली होती. दोघांनी मिळून साडी नेसवली, मी सही केली. त्याचं मला तेव्हा काही वाटलं नाही. आमच्याकडे सगळ्याच बहिणी करतात.

तर, वाटणी. आमच्या चुलत्यांनी आयुष्यात मेंढरांच्या कितीतरी वाटण्या केलेल्या. मेंढरांत रीत अशी की एकाच्या वाट्याला म्हातारी मेंढी आली तर तिच्यासोबत एक ताजं कोकरू द्यायचं, म्हणजे पारडं सारखं होतं. त्याच हिशेबाने त्यांनी थोरल्या भावाला जुना ट्रॅक्टर दिला, आणि जुना आला म्हणून त्याच्यासोबत नवे पिस्टन दिले. धाकट्याला त्यातल्या त्यात नवा ट्रॅक्टर, म्हणून थोरल्या ट्रॅक्टरचे जुने पिस्टन. न्याय म्हणाल तर चोख होता. त्यात कोणी लबाडी केली नव्हती. म्हणजे खळग्याचे पिस्टन खळग्याच्या हेडाला गेले आणि सपाट पिस्टन सपाट हेडाला.

मी म्हटलं, "तात्या, त्ये पिस्टन त्या हेडाला चालायचं न्हाईत."

चुलते म्हणाले, "बोर येकच हाय न्हवं?"

"बोर येकच हाय, पर—"

"मग? पिस्टन त्ये पिस्टन. म्हागाचं हाय, थोरल्याला दिलं. त्येच्यावर अन्याव नगं."

मी थोरल्या भावाकडे वळले. मला वाटलं, हा तरी ऐकेल. लहानपणी ओढ्याला पाणी आलं की मला खांद्यावर घेऊन शाळेत पोचवणारा हा माणूस. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "तू सही केलीयास. आता तुजं हितं काय हाय? जा, भाकरी बघ."

मला कोणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं. वाक्य खोटं नव्हतं, हेच वाईट. मी आत आले आणि भाकरी थापायला लागले. एकही धड गोल झाली नाही, आणि सगळ्यांनी त्या पोटभर खाल्ल्या.

पुढे व्हायचं तेच झालं. दोघांनी आपापले मिस्त्री लावून इंजिनं बांधून घेतली. जळोचीला माझ्याकडे दोघांपैकी एकही आला नाही, कारण एक आला असता तर दुसऱ्याला वाटलं असतं की बहिणीने त्याची बाजू घेतली. थोरल्याच्या इंजिनात आता हवेला दुप्पट जागा झाली, पिस्टनमध्येही आणि हेडातही. हवा तापेचना. स्टार्टर मारला की पांढऱ्या धुराचे लोट, आणि इंजिन खोकल्याशिवाय काही करेना. गल्लीतली पोरं धूर बघायला जमायची. धाकट्याच्या इंजिनात हवेला जागाच उरली नव्हती. ते अर्धा फेरा फिरलं आणि टक् करून अडकलं. त्याच्या मिस्त्रीला तेवढी अक्कल होती की त्याने दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढून चालू करायचा हट्ट धरला नाही, नाहीतर सगळं आतल्या आत फुटलं असतं.

आणि मग दोघांची खात्री पटली की दुसऱ्याने फसवलं. थोरला म्हणे, धाकट्याने हेडाला मुद्दाम चीर पाडून दिली. धाकटा म्हणे, थोरल्याने पिस्टन घासून दिले. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. इथे दोघांनाही नाचता येत नव्हतं आणि दोघेही एकमेकांचं अंगण उकरत होते. बोलणं बंद झालं. पाण्याच्या वारावरून काठ्या निघायची वेळ आली. आई मला निरोपावर निरोप धाडायला लागली.

मी एकेकाला जळोचीला बोलावलं. आधी धाकटा आला, दोन दिवसांनी थोरला. दोघांनाही आम्ही टेबलावर तेच दाखवलं. आमच्याकडे भंगारात पडलेली तसलीच दोन हेडं होती, चिरलेली पण दाखवायला पुरेशी. पिस्टनही होते. मी खळग्याच्या पिस्टनवर सपाट हेड ठेवलं, सपाटावर खळग्याचं. मग अदलाबदल केली. दुसरीत शिकणाऱ्या पोरालाही समजेल असं होतं.

आणि त्यांना समजलं! मला खरा धक्का बसला तो तिथे. मी इतके दिवस धरून बसले होते की यांना समजत नाही म्हणून भांडतायत. धाकट्याने हेड उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं, आणि म्हणाला, "म्हंजी नुसतं पिस्टन बदललं की दोन्ही चालू?"

"दोन्ही चालू."

"मग आक्का, त्येला सांग पयलं आनून द्यायला."

थोरल्यानेही तसंच बघितलं, मान हलवली, आणि म्हणाला, "ध्येनात आलं. पर आसं बघ, नवं पिस्टन त्येला दिलं की त्येला नवा ट्रॅक्टर आन नवं पिस्टन बी. मला जुना ट्रॅक्टर आन जुनं पिस्टन. मग वाटणी कसली?"

"आरं दादा, पर चालंल की! आत्ता धूर निघतोय त्येचं काय?"

"धूर निघतोय तर निघू दे. समान हाय."

कळतं पण वळत नाही, ही म्हण मी हजारदा ऐकली होती. ती माझ्यासमोर धोतर नेसून बसलेली त्या दिवशी पहिल्यांदा बघितली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, तुझा फरक मी भरून देते. आम्ही तुझं इंजिन फुकट बांधून देतो, रिंगा आमच्या, मजुरी आमची. मालक मागे उभे होते, त्यांनी लगेच मान डोलावली. थोरला उठलाच. "भनीचं खाऊ का मी? गावात त्वांड दाखवायला जागा ठिवायची न्हाय का?"

तो गेल्यावर मी बराच वेळ बडबडत होते. मालक शांतपणे म्हणाले, "त्यास्नी द्यायचं न्हाय आसं न्हाय. एकमेकाला द्यायचं न्हाय." आणि ते जेवायला गेले.

त्यावरून मला सुचलं. एकमेकांना द्यायचं नाही ना? मग मला द्या. दिवाळी तोंडावर आली होती. मी निरवांगीला जाऊन दोघांच्या दारात वेगवेगळी बसले आणि दोघांनाही तेच सांगितलं. यंदा भाऊबीजेला मला साडी नको, पैसा नको. इंजिन खोलून तुझ्या वाट्याचे पिस्टन माझ्या ओवाळणीच्या ताटात घाल. ताटात पडलं की ते माझं. मग मी माझ्या वस्तूचं काय करायचं ते करेन, ज्या ट्रॅक्टरला जे लागतं ते बसवेन. भावाने भावाला काही दिलं नाही, बहिणीचं कोणी खाल्लं नाही, चुलत्यांची वाटणी मोडली नाही. ओवाळणीला कोण नाव ठेवणार?

धाकटा हसला. "आक्का, तू वकील व्हायला पायजे हुतीस." थोरल्याने माझ्यासाठी स्वतः उठून पाणी आणलं. निघताना म्हणाला, "बघू. तू मनाला लावून घिऊ नगं. तुज्या मनासारखं करू." आईने मला कोपऱ्यात घेऊन गालावरून हात फिरवला. म्हणाली, "तेवढं बोलाय लागू देत गं येकमेकास्नी. मला दुसरं काय नगं." मी म्हटलं, "बोलतील. ट्रॅक्टर चालू झालं की बोलतील."

भाऊबीजेच्या दिवशी मी पहाटेपासून कामाला लागले होते. मालकांनी टेबल धुवून काढलं होतं, त्यावर स्वच्छ पोतं अंथरलं होतं. ते दिवाळीचे कपडे घालून बसले नव्हते, कामाच्याच कपड्यात होते, कारण दुपारीच निरवांगीला जाऊन पहिलं इंजिन बांधायचा त्यांचा बेत होता. मी ओवाळणीचं मोठं ताट काढलं. पितळेचं, जड. तीन-तीन पिस्टनचे दोन संच त्यात मावतील का म्हणून आदल्या दिवशी आमचेच पिस्टन ठेवून बघितलं होतं.

मोटारसायकलचा आवाज आला. मी बाहेर बघितलं आणि बघतच राहिले. एकाच गाडीवर दोघे. धाकटा चालवत होता, थोरला मागे, आणि थोरल्याने धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवला होता. दोघे कशावर तरी हसत होते. आबा गेल्यापासून मी या दोघांना एका अंगणात हसताना बघितलं नव्हतं. माझे डोळे भरून आले. मालकांना म्हटलं, "बघा. माझी युक्ती." मालक माझ्यामागे दारात आले होते. ते गाडीच्या मागे बघत होते. मागे काहीच बांधलेलं नव्हतं.

मी दोघांना पाटावर बसवलं, टोप्या घालायला लावल्या, कुंकू लावलं, ओवाळलं. मला वाटत होतं, पिशवी गाडीला लटकवली असेल. थोरल्याने खिशात नाही, शर्टाच्या आत हात घातला, आणि एक घडी केलेली साडी काढून ताटात ठेवली. भारी होती. तेवढी भारी साडी त्यांनी मला कधी दिली नव्हती.

"दोगांची मिळून," तो म्हणाला.

"आन पिस्टन?"

दोघांनी एकमेकांकडे बघितलं, आणि पोरं खोडी सांगताना हसतात तसे हसले. धाकटा म्हणाला, "आक्का, तू बोललीस न्हवं, कुणी कुणाला द्यायचं न्हाय? आमी लई इचार केला. मग दादालाच सुचलं. दोन्ही ट्रॅक्टर इंदापूरला भंगारवाल्याकडं घातलं. काट्यावर वजन केलं, आलं त्ये निम्मं-निम्मं. येक किलो हिकडं न्हाय, येक किलो तिकडं न्हाय."

मी म्हटलं, "दोन्ही?"

"दोन्ही. मुळापास्न तंटाच मिटला."

"आन नवं पिस्टन? त्ये तर न वापरल्यालं..."

"त्ये बी," थोरला म्हणाला. त्याने ते इतक्या समाधानाने सांगितलं, जणू मी विचारायचीच वाट बघत होता. "त्ये येगळं काडून घालाय सांगितलं त्येनं. ॲल्युमिनमला भाव जास्ती हाय. त्येची भांडी व्हत्यात."

माझ्या हातातलं ताट मालकांनी घेतलं. निरांजन कलंडत होतं, ते मला दिसलं नव्हतं. दोघांचं भांडण तिसऱ्याचा लाभ, असं आपण म्हणतो. दोघांची दिलजमाई आणि तरी तिसऱ्याचाच लाभ, हे मी माझ्या उंबऱ्यात बघत होते. मला दोघांच्याही कानाखाली आवाज काढावासा वाटला. ओरडावंसं वाटलं की अरे, अदलाबदल करायला एक दुपार लागली असती. एक दुपार! पण त्या दोघांच्या कपाळावर मीच लावलेलं ओलं कुंकू होतं, आणि दोघे सणाला जेवायला आले होते.

ते भरपूर जेवले. शेवटची करंजी दोघांनी मोडून अर्धी-अर्धी खाल्ली, आणि तीही मापून, बरोब्बर मधोमध. मालक अंगणात टेबलावरचं पोतं घडी करत होते. ते जेवायला आले नाहीत. म्हणाले, भूक नाही.

निघताना थोरला दारात थांबला. लहानपणी शाळेच्या फाटकाशी थांबायचा तसा. माझा चेहरा त्याला दिसत असणार.

"आगं, तू आशी का? आई सांगत हुती, आमी दोगं बोलाय लागावं म्हून तू येवढी पळापळ केलीस. आता बोलतोय न्हवं आमी? तुज्या मनासारखं झालं न्हवं?"

तो खरंच विचारत होता. त्याच्या डोळ्यांत लबाडी नव्हती, कुत्सितपणा नव्हता. भावाने बहिणीचं मन राखलं एवढाच आनंद होता. आणि गाडीवर बसलेला धाकटा मागे वळून ओरडत होता, "दादा, चल की लवकर, आई वाट बघत आसंल." वाटणीपासून त्याने त्या माणसाला दादा म्हणून हाक मारली नव्हती.

"व्हय," मी म्हणाले. "झालं."